कलम सातचं पान

“हॅलो? … हॅलो? कोण बोलतंय? … अगं पल्लवी, तू होय!”

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, दसऱ्याची दुपार. सातपूरच्या कारखान्यांच्या रांगा त्या दिवशी झोपल्यासारख्या पडल्या होत्या. एकाच फाटकाशी तेवढी माणसं होती, शंभराच्या वर, कोणी उकिडवी, कोणी सायकलला टेकून, सगळ्यांचे डोळे ऑफिसच्या दाराकडे. दोन महिन्यांचा संप आज मिटायचा होता. आतल्या खोलीत मालक, मॅनेजर देवरे आणि युनियनचे गेणू अण्णा समोरासमोर बसले होते. बोलणं झालं होतं, आता ते कागदावर यायचं होतं. आणि तेही आजच, कारण उद्या मालकांचे भागीदार मुंबईहून येणार होते, आणि कारखाना विकून मोकळं व्हावं हे त्यांचं मत साऱ्या सातपूरला ठाऊक होतं.

बाहेरच्या खोलीत ललिताबाई टायपिस्ट. त्यांच्यापुढे काँप्युटर, शेजारी लेझर प्रिंटर, आणि प्रिंटरच्या तोंडात अर्धा गिळलेला कागद. पल्लवी लग्नाआधी याच खुर्चीवर बसायची. त्या प्रिंटरच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या.

“तुलाही, तुलाही. सोनं घे, सोन्यासारखी राहा. … संध्याकाळी? कसली येतेय बाई संध्याकाळी! … हो, ऑफिसातच आहे, दसरा असला तरी. … अगं ऐक ना. अगं, आधी ऐक! देवानंच तुला फोन करायची बुद्धी दिली. तो प्रिंटर… हो, तोच, तुझा लाडका. कागद आत ओढतो आणि अर्ध्यावर धरून बसतो. नारिंगी दिवा लुकलुकतोय. पहिलंच पान गं, पहिलंच! … हसू नकोस. आज हसायचा दिवस नाही.”

“कसलं पान म्हणून काय विचारतेस? कराराचं! … हो, मिटला. म्हणजे मिटल्यात जमा. सकाळपासून बसलेत तिघं, आत्ता कुठे एकमत झालं. प्रत्येक कलम वेगळ्या पानावर आणि प्रत्येक पानाखाली दोन्हीकडच्या सह्या, असं मालकांचं म्हणणं. आठ कलमं, आठ पानं. माझं टाइप करून केव्हाच झालंय. आणि हे मेलं मशीन!”

“दुरुस्तीवाल्या राजूला कळवलं ना. पेजरवर दोनदा निरोप ठेवला. मग घरी फोन केला, तर म्हणे वणीला गडावर गेलाय, देवीला. रात्री येईल. … रात्री येऊन काय करायचंय त्याला? ओवाळू?”

“झेरॉक्सवाला बंद. … टाइपरायटर? तो तुझ्या डोळ्यांदेखत भंगारात गेला की. … म्हटलं मी, हातानं लिहिते. देवरे साहेब म्हणाले, हातानं लिहिलेला करार म्हणजे किराण्याची यादी. … फ्लॉपी घेऊन तुझ्याकडे? अगं, गंगापूर रोडला येऊन परत जाईपर्यंत आत काय शिल्लक राहील? आत्ताच आवाज चढायला लागलेत. तू सांग, मी करते. इथेच. आत्ता.”

“हं… प्रिंटरची वीज बंद केली. … पुढचं झाकण… उघडलं. … टोनरचा डबा… काढला. … उजेडात नको ठेवू? नाही ठेवत, पदराखाली घेतलाय, तान्ह्या बाळासारखा. … कागद दिसतोय. … दोन्ही हातांनी, सरळ, ज्या दिशेनं जात होता त्याच दिशेनं… अगं, पण फोन कुठे धरू? मानेत धरलाय, निसटतोय. थांब हां. ठेवू नकोस!”

“… आला. … हो, पूर्ण आला. … नाही, कोपरा फाटलेला नाही, नुसता चुरगळलाय. अगदी पंख्यासारखा घडीघडीचा. … डावीकडचा कोपरा. … बरं. … बरं, पुन्हा देते.”

ललिताबाईंनी पुन्हा कागद सोडला. यंत्र घुर्रघुर्र करून जागं झालं, कागद ओढला गेला, थोडा सरकला, आणि आतून कुडकुडल्यासारखा आवाज आला. नारिंगी दिवा पुन्हा लुकलुकायला लागला.

“तेच! पल्लवी, तेच झालं पुन्हा. … कागद कुठे ठेवलेला होता म्हणजे? कपाटात. … खालच्या कप्प्यात, हो. … उघडाच, गठ्ठ्याचं वेष्टन केव्हाचं फाडलेलं. दोन महिने कुलूप होतं ऑफिसला, ऐन पावसाळ्यात, कोण बघणार? … हात लावून बघू? … गार लागतोय. ओलसर म्हण ना. … न वाळलेल्या पापडासारखा मऊ. हो, बरोबर, कडक नाहीच.”

“नवा गठ्ठा कुठला आणू? हाच आहे. … मॉनिटरवर? … मॉनिटरच्या डोक्यावर पसरून ठेवू? … अय्या, हो की, सकाळपासून चालू आहे, चांगला तापलाय. ठेवते. … उलटसुलट करून. पत्त्यांसारखे पिसून. … कळलं गं, पापड मी लहानपणापासून वाळवतेय.”

“तेवढ्यात बोलू म्हणतेस, काय बोलू? माझं काळीज ठिकाणावर नाही. … कलम सात, म्हणून. … तुला माहीत नाही? श्रावणात गेटवर झटापट झाली ना, रखवालदाराचं डोकं फुटलं. त्यात दोघांना निलंबित केलं. एक तो पुंजा, आणि दुसरा… हो. आमचा लहानू. … माझा भाऊ आहे म्हणून नाही सांगत, तो भांडण सोडवायला गेला होता. पण ऐकतंय कोण? कामगार म्हणतात बहीण ऑफिसात, हा मालकाचा. ऑफिस म्हणतं भाऊ युनियनमध्ये, ही कामगारांची. मधल्यामधे मी. … तर कलम सात असं, की दोघांनाही विनाअट कामावर घ्यायचं. विनाअट. हा एक शब्द मिळवायला अण्णांनी सकाळपासून घसा कोरडा केलाय.”

“नाही झालं तर? नाही झालं तर लहानू गेला. चाळिशी उलटलेल्या, निलंबित म्हणून शिक्का बसलेल्या माणसाला कोण लेथवर उभं करतंय? त्याची बायको, कुसाबाई, छाटणीला जाते द्राक्षाच्या बागेत, तिच्या जिवावर घर चाललंय. हा खाटेवर पडून छताकडे बघतो. परवा म्हणाला, आक्का, मला आता मशीनचा आवाज आठवत नाय. … मी काय बोलू त्याला?”

“हं. गरम झालाय कागद. हो, खडखडतोय जरा. … घातला. … बाई बाई बाई… सरकतोय… आलं! पल्लवी, आलं! कलम एक! … थांब, बोलू नकोस, दुसरं येतंय. … दोन. … तीन! तुझ्या तोंडात साखर पडो.”

“कोण रडतंय? मयूर? … घे, घे त्याला, मी थांबते. पण फोन ठेवू नकोस हं. तू फोनवर आहेस म्हणून हे मशीन घाबरून आहे. … दात येतायत का? गुटी दे. … नाही गं, आजकालचे डॉक्टर काही म्हणोत.”

“… अडकलं. … चौथं. अर्ध्यावर. … अगं, गरमच कागद आहे, तोच!”

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि देवरे साहेब उंबऱ्यात उभे राहिले. ललिताबाईंनी रिसीव्हर छातीशी धरला.

“हो साहेब, चाललंय. तीन पानं झालीत, ही घ्या. … राजू नाही, पण माहीतगार माणसाला विचारतेय फोनवर. … नाही साहेब, मुद्दाम कोण करेल? … नाही, अण्णांना सांगा, कोणी मुद्दाम करत नाहीये. मी इथे घाम पुसतेय. … होईल. होईल साहेब.”

“पल्लवी, आहेस ना? … ऐकलंस? आत अण्णांना संशय आलाय, की उद्यापर्यंत ढकलायला ऑफिसनंच प्रिंटर बिघडवलाय. आणि देवऱ्यांना वाटतंय कोणी कामगारानं काही केलंय. दोघांना मशीन सोडून सगळं दिसतंय! … अगं, हेच तर भय आहे. कागदावर आलं की ठरलं. नाही आलं की जो तो खुर्चीत बसून पुन्हा विचार करायला लागतो, मी फार दिलं की काय. तू कधी मासळीबाजारात… नाही, तुम्ही खात नाही. भाजीबाजारात बघ, सौदा ठरला की पिशवीत टाकून चालायला लागायचं. थांबलं की मोडला.”

“सांग. … रोलर. कागदाच्या खणाच्या वरचा, अर्धगोल, रबरी… दिसला. … गुळगुळीत झालाय, हो, आरशासारखा. धूळ बसलीय वर. … ओला रुमाल, पण पिळलेला. … साबण नको. बरं. … पुसते. … काळंकुट्ट निघालं गं! … हातानं फिरवून सगळीकडून… झालं. आता खरबरीत लागतोय. … वाळू दे? किती वाळू दे? फुंकर घालते.”

“… चाललं. … चाललं! … चार. … पाच. … आतला आवाज येतोय का तुला? मालक हसले वाटतं. हसले! … सहा. पल्लवी, सहा आलं!”

“आता सात.”

“… … …”

“नाही. … नाही आलं. … अडकलं.”

ललिताबाईंनी ते पान ओढून काढलं, दुसरा कागद घातला. तोही अडकला. तिसरा घातला. तिसराही. सहा पानं सोडणाऱ्या यंत्राला सातव्याचंच काय वावडं होतं कोण जाणे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि अण्णांचा खर्जातला आवाज भिंतीतून आला, “आम्ही काय दसऱ्याला इथं सोनं वाटाया बसलो का?”

“तीनदा गं, तीनदा! … नाही, रडत नाहीये. … रडत नाहीये म्हणते ना! … तिन्ही कागद समोर घेतलेत. … कुठे चुरगळलाय? डावा कोपरा. तिन्हींचा तोच कोपरा. … हो, तंतोतंत तिथेच. … मग रोलर नाही? … आत काहीतरी आहे, म्हणजे काय आहे? पिन? टाचणी? … टाचणीनं फाटला असता. बरोबर. हे फाटलेलं नाही, रेघ उठलीय नुसती. आणि डाग आहे. … टोनरचा? नाही, काळा नाही. … लाल. … लाल म्हणजे गुलाबीसर. बोट फिरवल्यासारखा.”

“रक्त कुठून येईल? माझं बोट भाजलंय, कापलं नाहीये. … थांब. वास घेऊन बघते.”

“… पल्लवी.”

“… कुंकू आहे.”

“… अगं देवा. अगं देवा गं. कळलं मला. … नाही, हळू बोलते. तूही हळू बोल. … काल खंडेनवमी नव्हती का? मशीनची पूजा. संप असला तरी पूजा चुकवायची नाही, असं कामगार म्हणाले, आणि मालकांनी तासाभरासाठी फाटक उघडलं. त्यातनंच तर सगळं सुरू झालं, मालक स्वतः नारळ फोडायला आले, अण्णांनी त्यांना गंध लावलं, आणि म्हणाले उद्या बसू. … हो ना, छान झालं. पण ऐक. लहानूही आला होता आत. निलंबित माणसाला आत सोडायचं नाही असा हुकूम आहे, पण रखवालदारच म्हणाला, पूजेला कुठे अडवू. ज्याचं डोकं फुटलं तोच! … तर त्यानं आपल्या लेथची पूजा केली, आणि तबक घेऊन आला माझ्या खोलीत. म्हणाला, आक्का, तुझं मशीन काय सावत्र हाय का? … आणि झाकण उघडून… हो. हो गं. झाकण उघडून आत अक्षता टाकल्या. वरून टाकल्या तर देवाला पोचणार नाहीत म्हणाला.”

“मी बघत होते. हसत होते. कौतुक वाटलं बाई! दोन महिन्यांनी त्याच्या तोंडावर हसू बघितलं, मला काय कळतंय प्रिंटर का फ्रिंटर.”

“… म्हणूनच कधी चालतो, कधी अडकतो? … गडगडत फिरतोय दाणा, होय. मी टोनर काढला-घातला, झाकण आपटलं, की जागा बदलतो. … आणि आता नेमका पट्टीखाली बसलाय.”

“पल्लवी, तुला कळतंय का? हा दाणा देवऱ्यांना दिसला तर? ते काय म्हणतील? निलंबित माणूस हुकूम मोडून आत शिरला आणि मशीनमध्ये काहीतरी टाकून गेला. संपलं. पूजा कोण बघतंय? कलम सात तिथल्या तिथे खोडतील. आणि अण्णा खोडू देणार नाहीत. म्हणजे आठही कलमं गेली.”

“हो. काढते. सांग. … टोनर पुन्हा बाहेर. … बॅटरी आहे टेबलात. … मानेत धर म्हणतेस, पण मान मोडली आता. … आत दोन पत्र्याच्या पट्ट्या, मधे फट. … दिसला! पांढरा नाही, लालभडक, तांदळाचा दाणा. दिसतोय! … बोट जात नाही. … केसातली पिन घालू? … नको? ओरखडा उठेल? मग काय घालू? … उदबत्तीची काडी? … आहे, आहे, कालचीच पडलीय खिडकीत. … डाव्या बाजूनं ढकलू? … मागच्या बाजूला हात नको, तापलेलं आहे. ते आता तू सांगतेस, बोट भाजल्यावर!”

“… हलला. … हलला, अजून आतच आहे. … लहानू! खिडकीतनं बाजूला हो बघू. … नाही, झालं नाही अजून. … कर्मकहाणी नंतर सांगेन, तू फाटकाशी जा. तू इथे दिसायचा नाहीस आत्ता, कळलं? जा! … पल्लवी, तोच होता. काय चाललंय विचारायला आला. … नाही गं, कशाला सांगू त्याला.”

“… आला. … हातात आला. … एवढासा दाणा बघ. … आणि हा दुसरा. दोनच. बॅटरीनं सगळीकडे बघितलं, दोनच.”

दाराची कडी वाजली. देवरे साहेब या वेळी उंबऱ्यात थांबले नाहीत, थेट टेबलाशी आले. ललिताबाईंच्या तळहातावर ते दोन दाणे होते, कुंकवानं लाल, टोनरनं काळे. मूठ मिटायला वेळ नव्हता, आणि मिटलेली मूठ साहेबांनी नक्की उघडायला लावली असती. ललिताबाईंनी हात तोंडाकडे नेला.

“… अं? … काही नाही साहेब. बडीशेप. … हो, दात काळे? टोनर लागला असेल, हाताला बघा किती लागलाय. … आता होतंय. कागद कुठे अडतो ते सापडलं. … धूळ होती साहेब. दोन महिन्यांची.”

“… हो, सात राहिलंय. आणि आठ. … काय म्हणालात? … कलम सातमध्ये?”

“… ‘विनाअट’च्या जागी ‘चौकशीअंती’.”

“… हो, नाही छापलेलं अजून, खरं आहे. एक शब्दच आहे, खरं आहे.”

“… साहेब, आता ऐन वेळी… नाही, तसं नाही. मी काही म्हणत नाहीये. भाऊ माझा आहे हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. म्हणूनच म्हणते. आत तुम्ही तिघं बसून जे सांगितलंत ते मी टाइप केलं. मालकांनी वाचलं, अण्णांनी वाचलं. आता एकट्यानं सांगितलेला शब्द मी घातला, तर उद्या म्हणतील बाईनं पान बदललं. अण्णा येऊन म्हणाले असते, लहानूला वर बढती लिहा, तर मी लिहिलं असतं का? … नसतंच लिहिलं. … तुम्ही अण्णांना आणि मालकांना घेऊन या. तिघं इथे उभे राहून सांगा. ज्या क्षणी सांगाल त्या क्षणी बदलते. चौकशीअंती तर चौकशीअंती.”

“… बोलवू का मी? अण्णा! … नको? … बरं. … बरं साहेब. नाही, राग कशाला.”

दार लागलं. ललिताबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

“… पल्लवी? … आहेस ना अजून? … सगळं ऐकलंस? … मीच बोलले गं, माझा विश्वास बसत नाहीये. … नाही आले. एकटेच परत गेले. आत जाऊन काय सांगतायत देव जाणे. … बडीशेप नाही गं! गिळले. … दोन्ही. अक्षताच त्या, प्रसादच म्हणायचा. … विष? टोनरचं विष चढतं का? … उलटी कशाला करू, वेडी का तू! आधी पान काढू दे, मग काय व्हायचं ते होवो. … पाणी पिते. पिते म्हणते ना.”

“टोनर बसवला. … टक् झालं. … झाकण लावलं. आपटलं नाही, हळूच. … हिरवा दिवा आला. … छापू? … माझी नाही हिंमत होत. तू म्हण, छाप. … म्हण ना!”

“… ओढला. … सरकतोय. … आवाज ऐक, आवाज ऐक, धरते फोन जवळ… … …”

“… आलं.”

“आलं गं. सरळ आलं. इस्त्री केल्यासारखं. … वाचते? ‘कलम सात. खाली नमूद केलेल्या दोन्ही कामगारांना विनाअट…’ हो. विनाअट. … आता रडतेय. आता रडू दे.”

“… आठवंही आलं. … साहेब, मालक, या. झालं. हो, आठही. … अण्णा, बघून घ्या, पान न् पान वाचून घ्या. … सात वाचा. … हो अण्णा, तेच आहे. जे ठरलं तेच.”

“पल्लवी, हळू बोलते. वाचतायत. … देवरे साहेब खिडकीबाहेर बघतायत. … मालकांनी चष्मा काढला. … पुसतायत. … सातव्या पानावर थांबलेत. … बोलू नकोस.”

“… … …”

“केली. … मालकांनी केली. सातवर. … अण्णा करतायत, नाव पूर्ण लिहितायत, गेणू म्हणून नाही, बापाच्या नावासकट. … आठवर केली. … झालं बाई. … झालं.”

“… हा आवाज? फाटकाचा. कळलं त्यांना. ओरडतायत. … लहानू? दिसत नाही, गर्दीत आहे. … अगं, मयूरला घे, बिचारा केव्हाचा टाहो फोडतोय. तुझे उपकार जन्मभर… बरं, नाही म्हणत. … हो, येईन. उद्या येईन सोनं घेऊन, शिळं तर शिळं. … ठेवते. मला बाहेर जाऊ दे. ठेवते गं!”

त्या करारावर कारखाना आणखी साडेचार-पाच वर्षं चालला. मग भागीदारांचं म्हणणंच खरं झालं, जागा विकली गेली, आणि आज तिथे कुठल्याशा कंपनीचं गोदाम आहे. गेणू अण्णा येवल्याकडच्या आपल्या गावी परतले. तिथेही त्यांनी दूध सोसायटीत दोन गटांचं भांडण मिटवलं म्हणतात. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. देवरे साहेब दुसऱ्या कारखान्यात गेले. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते स्वतः ललिताबाईंच्या घरी आले होते, चहा घेतला, आणि जुन्या गोष्टीतलं एक अक्षर काढलं नाही. राजूनं प्रिंटर सोडून मोबाइलचं दुकान टाकलं. पल्लवीनं गंगापूर रोडला घराच्या तळमजल्यावर काँप्युटरचे वर्ग काढले. मयूर आता परदेशात आहे आणि आईला रोज फोन करतो.

ललिताबाईंच्या पोटात त्या दोन दाण्यांनी काही केलं नाही.

लहानूला ती वर्षं मिळाली. त्या वर्षांत त्याची थोरली मुलगी निकिता नर्स झाली, आणि कारखाना बंद पडला तेव्हा तो निलंबित माणूस नव्हता, अनुभवी लेथवाला होता, त्यामुळे अंबडला दुसरीकडे लागला. भाऊबीजेला ओवाळून झालं, की पाटावर बसल्या बसल्या तो भाचरांना संपाची गोष्ट सांगायचा. गेटची झटापट, मालकांचा नारळ, अण्णांचा घसा, सगळं. आणि दरवेळी शेवटी म्हणायचा, “सही तर आपली दुपारीच व्हायची व्हती. पण हापिसातल्या लोकांनी मुद्दाम लय उशीर केला.”

ललिताबाई त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढायच्या.

“हो रे बाबा,” त्या म्हणायच्या, “ऑफिसातली माणसं असतातच तशी.”